हिमॅटॉलॉजिस्टकडे कधी जावे? रक्तविकारतज्ज्ञ काय पाहतात आणि त्यांना कसे शोधावे

सीबीसीच्या रिपोर्टवर एखादा आकडा ठळक छापलेला असतो, शेजारी ‘लो’ किंवा ‘हाय’ लिहिलेले असते आणि तळाशी एक ओळ असते: ‘हिमॅटॉलॉजिस्टचा सल्ला घ्यावा.’ घरी जाऊन हा शब्द मोबाइलवर शोधला की समोर येतो ब्लड कॅन्सर, आणि त्या रात्री घरात कोणाला झोप लागत नाही.

फॅमिली डॉक्टर म्हणून मला दोन्ही प्रकारचे रुग्ण भेटतात. काहीजण साध्या लोहाच्या कमतरतेसाठी थेट मुंबई-पुण्याचे मोठे रुग्णालय गाठतात. काहीजण सहा-सहा महिने टॉनिक, बीट आणि खजूर यांवर काढतात आणि खरा आजार आत वाढत राहतो. कोणत्या रिपोर्टवर घाबरायचे नाही, कोणत्या रिपोर्टवर थांबायचे नाही आणि जायचे ठरले तर काय तयारी करायची, हे या लेखात पाहू.

हिमॅटॉलॉजिस्ट म्हणजे नेमके कोण?

रक्त तयार होते हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत. तिथून तीन प्रकारच्या पेशी बाहेर पडतात: प्राणवायू वाहून नेणाऱ्या लाल पेशी, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट. ज्या द्रवात त्या वाहतात त्या प्लाझ्मामध्ये रक्त गोठवणारी प्रथिने, म्हणजे क्लॉटिंग फॅक्टर असतात. या पेशी, हे फॅक्टर आणि अस्थिमज्जा यांच्या आजारांवर उपचार करणारा डॉक्टर म्हणजे क्लिनिकल हिमॅटॉलॉजिस्ट, मराठीत रक्तविकारतज्ज्ञ.

नावे सारखी असल्याने गोंधळ होतो. म्हणून फरक लक्षात ठेवा:

• क्लिनिकल हिमॅटॉलॉजिस्ट: एमबीबीएसनंतर एमडी मेडिसिन किंवा एमडी पीडियाट्रिक्स आणि त्यानंतर डीएम किंवा डीआरएनबी क्लिनिकल हिमॅटॉलॉजी. रुग्ण तपासतात, औषध देतात, अनेकजण बोन मॅरो ट्रान्सप्लांटही करतात.
• पॅथॉलॉजिस्ट आणि हिमॅटोपॅथॉलॉजिस्ट: स्लाइड आणि मज्जेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान सांगतात. सहसा उपचार करत नाहीत.
• ट्रान्सफ्यूजन मेडिसिनचे डॉक्टर: रक्तपेढी सांभाळतात, कोणाला कोणते रक्त सुरक्षित आहे ते पाहतात.
• मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट: सर्व प्रकारच्या कॅन्सरवर औषधोपचार करतात. ब्लड कॅन्सर ते आणि हिमॅटॉलॉजिस्ट दोघेही पाहतात.
• मुलांसाठी पीडियाट्रिक हिमॅटॉलॉजिस्ट-ऑन्कॉलॉजिस्ट वेगळे असतात. रुग्ण मूल असेल तर शक्यतो त्यांच्याकडेच जा.

म्हणजे चिठ्ठीवर हिमॅटॉलॉजिस्ट लिहिले म्हणून कॅन्सर झाला, असे मुळीच नाही. त्यांच्या ओपीडीत बसलेल्यांपैकी अनेकांना कॅन्सर नसतो.

ते कोणते आजार पाहतात?

लाल पेशींचे आजार. थॅलसेमिया आणि सिकलसेल हे दोन आनुवंशिक आजार आपल्याकडे महत्त्वाचे. सिकलसेल विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात जास्त आढळतो. थॅलसेमियाचे वाहक सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी अशा समाजांत तुलनेने जास्त आहेत, पण तो कोणत्याही समाजात असू शकतो. याशिवाय लाल पेशी शरीरातच फुटणे आणि मज्जेने पेशी बनवणेच कमी करणे, म्हणजे अप्लास्टिक अॅनिमिया, हेही याच विभागात येतात.

रक्तस्रावाचे आजार. हिमोफिलियात आठवा किंवा नववा क्लॉटिंग फॅक्टर कमी असतो. तो बहुतेक मुलग्यांना होतो. सांध्यात रक्त साचून गुडघा, कोपर सुजतात. व्हॉन विलेब्रँड हा आजार मुलींनाही होतो आणि पहिल्या पाळीपासूनच खूप रक्त जाणे एवढीच त्याची खूण असू शकते. आयटीपी या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते.

गुठळ्यांचे आजार. कमी वयात, कारण नसताना किंवा पुन्हा पुन्हा पायाच्या शिरेत गुठळी होणे, पोटाच्या किंवा मेंदूच्या शिरेत गुठळी होणे, वारंवार गर्भपात होणे यांमागे काही वेळा रक्त गोठण्यातला दोष असतो.

रक्ताचे कॅन्सर. ल्युकेमिया, लिम्फोमा, मल्टिपल मायलोमा. इथेही सगळे एका मापाचे नसतात. सीएमएल या ल्युकेमियात पांढऱ्या पेशी लाखाच्या वर जातात, पण इमॅटिनिबसारखी गोळी रोज, न चुकता घेणारे बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षे आपले काम करत राहतात. एपीएल नावाचा ल्युकेमिया पहिल्या काही दिवसांत रक्तस्रावाने जीव घेऊ शकतो, मात्र वेळेत उपचार सुरू झाले तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. म्हणून इथे दिवस मोजावे लागतात.

बहुतेक अॅनिमियाला हिमॅटॉलॉजिस्ट लागत नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये अॅनिमिया आढळला. या सगळ्यांना रक्तविकारतज्ज्ञ लागत नाही. लोहाची कमतरता, बी-१२ ची कमतरता, गरोदरपण, जंत, जास्त पाळी ही नेहमीची कारणे तुमचे फॅमिली डॉक्टर हाताळू शकतात.

लोहाची कमतरता असेल आणि गोळी नियमित घेतली तर साधारण महिन्याभरात हिमोग्लोबिन १ ग्रॅम किंवा त्याहून जास्त वाढायला हवे. वाढले तर निदान बरोबर. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते, कारण शरीरातला साठा भरायचा असतो. वाढले नाही तर डोस दुप्पट करण्याऐवजी ‘का नाही?’ हा प्रश्न विचारायचा.

पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या स्त्रीला लोह कमी असेल तर ते कुठून तरी गळत असण्याची शक्यता असते. मूळव्याध, अल्सर, आतड्यातील गाठ शोधावी लागते. तिथे पहिला दरवाजा पोटविकारतज्ज्ञाचा, हिमॅटॉलॉजिस्टचा नाही.

बी-१२ फार कमी झाले तर हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही घसरतात. रिपोर्ट पाहून घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते, पण काही इंजेक्शनांनी चित्र पालटते. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, हे वारंवार दिसते. तसेच डेंग्यूच्या तापात प्लेटलेट घसरतात आणि ताप उतरल्यावर काही दिवसांत आपोआप वाढतात. त्यासाठीही रक्तविकारतज्ज्ञ शोधत फिरू नका. तापावर आणि पाण्याच्या प्रमाणावर लक्ष ठेवणारा डॉक्टर जवळ हवा.

आणखी एक गोष्ट. कोणतीही तक्रार नसताना प्लेटलेट अचानक ४०,००० आल्या तर आधी स्लाइड पाहायला सांगा. नळीतल्या रसायनामुळे प्लेटलेटचे पुंजके होतात आणि मशीन त्या कमी मोजते. सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतले की खरा आकडा कळतो.

मग कधी जायचे?

त्याच दिवशी, जवळच्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत. इथे हिमॅटॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेत बसू नका. आधी जीव सुरक्षित करा, तज्ज्ञांना फोन तिथले डॉक्टर करतील.

• स्लाइडवर ‘ब्लास्ट’ पेशी दिसल्या आहेत.
• ताप आहे आणि न्यूट्रोफिल पेशींची एकूण संख्या ५०० च्या खाली आहे.
• प्लेटलेट २०,००० च्या खाली आहेत आणि हिरड्या, नाक, लघवी किंवा शौचातून रक्त जाते आहे, किंवा डोके जोरात दुखते आहे.
• हिमोग्लोबिन ५-६ वर आले आहे आणि बसल्या जागी धाप लागते.
• एक पाय अचानक सुजला आहे आणि छातीत दुखते किंवा श्वास लागतो.
• सिकलसेलच्या रुग्णाला ताप, छातीत दुखणे, श्वास लागणे किंवा हातपाय लुळे पडणे.
• हिमोफिलियाच्या मुलाच्या डोक्याला मार लागला आहे, मग तो वरून किरकोळ का दिसेना.

एक-दोन आठवड्यांत.

• तिन्ही पेशी कमी आहेत आणि बी-१२, फोलेट यांची कमतरता नाही.
• पांढऱ्या पेशी सतत खूप वाढलेल्या आहेत, जंतुसंसर्ग नाही, प्लीहा वाढली आहे.
• मानेत, काखेत, जांघेत न दुखणाऱ्या गाठी महिनाभर टिकल्या आहेत. सोबत वजन घटते, रात्री घाम येतो. इथे आधी गाठीची बायोप्सी लागते. तपासणीशिवाय टीबीची औषधे सुरू करू नयेत.
• पन्नाशी-साठीनंतर सततची कंबरदुखी, सोबत अॅनिमिया, ईएसआर खूप जास्त, क्रिएटिनिन वाढलेले. हे ‘वयाचे दुखणे’ समजून सोडू नका. मायलोमाची तपासणी व्हायला हवी.
• कारण नसताना अंगावर निळे डाग, किंवा दात काढल्यावर दिवसभर न थांबलेले रक्त.

सवडीने, पण नक्की. लोहाची गोळी घेऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन, लाल पेशींचा आकार खूप लहान पण त्यांची संख्या भरपूर, म्हणजे थॅलसेमिया मायनरची शंका, वारंवार गर्भपात, घराण्यात रक्ताचा आजार. थॅलसेमिया मायनर असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. पण पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. सिकलसेललाही हेच गणित लागू आहे. म्हणून ही तपासणी लग्नाआधी किंवा मूल होऊ देण्याआधी करा. गरोदरपण सुरू झाले असेल तर सवड नाही. लगेच डॉक्टरांना सांगा, कारण गर्भाची तपासणी ठरावीक आठवड्यांतच करता येते.

महाराष्ट्रात त्यांना शोधायचे कसे?

हे तज्ज्ञ संख्येने कमी आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. म्हणून सुरुवात तुमच्या फॅमिली डॉक्टरकडून किंवा जिल्हा रुग्णालयातील फिजिशियनकडून करा. चिठ्ठी घेऊन गेलेल्या रुग्णाचा वेळ वाचतो, कारण प्राथमिक तपासण्या आधीच झालेल्या असतात. ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेतूनही आरोग्य केंद्रातील डॉक्टर मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांचा सल्ला घेऊ शकतात.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात हिमॅटॉलॉजी विभाग आहे आणि त्याच आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. या संस्थेचे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठीचे केंद्र चंद्रपूरला आहे. कॅन्सरसाठी परळचे टाटा मेमोरियल आणि खारघरचे अॅक्ट्रेक. मुलांसाठी परळचे वाडिया रुग्णालय आणि बोरिवलीतले मुंबई महापालिकेचे थॅलसेमिया व बोन मॅरो ट्रान्सप्लांट केंद्र. पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथे खासगी रुग्णालयांतही हे तज्ज्ञ आहेत. गोव्यातल्या वाचकांनी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपासून सुरुवात करावी.

डॉक्टरांच्या पाटीवरची पदवी वाचा. शंका असल्यास महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत नाव आणि पदवी तपासता येते. ‘रक्तदोषावर खात्रीशीर इलाज’ अशा जाहिरातींमागे जाऊ नका. ‘रक्तदोष’ नावाचा एकच आजार नसतो.

जाण्याआधी काय करू नये?

हा भाग नीट वाचा, कारण इथे झालेली घाई नंतर भरून काढता येत नाही.

रक्त चढवण्याआधी नमुना घ्या. हिमोग्लोबिन एचपीएलसी ही थॅलसेमिया-सिकलसेलची तपासणी दुसऱ्याचे रक्त चढवल्यावर फसवी येते आणि मग साधारण तीन महिने थांबावे लागते. रक्त तातडीने द्यायचे असेल तर जरूर द्यावे, पण त्याआधी दोन-तीन मिली रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत काढून ठेवायला एक मिनिट लागतो. तशी विनंती करा.

निदानाआधी स्टेरॉइड घेऊ नका. त्याने लिम्फोमाच्या गाठी काही दिवस वितळतात, ल्युकेमियाच्या पेशी लपतात. रुग्णाला बरे वाटते आणि निदान हातचे जाते.

बी-१२ चे इंजेक्शन तपासणीआधी घेऊ नका. नंतर पातळी वर दिसते आणि मूळ कारण कळत नाही. लोहाचेही तसेच: आधी फेरिटिन, मग गोळी. थॅलसेमियात लोह आधीच जास्त असू शकते.

प्लेटलेट कमी असतील किंवा रक्तस्रावाचा आजार असेल तर अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा. दंडात किंवा कुल्ल्यावर ‘एक इंजेक्शन द्या, लवकर बरे वाटेल’ असा आग्रह धरू नका; हिमोफिलियात त्या एका सुईने स्नायूत रक्त साचते. मात्र हृदयासाठी किंवा गुठळीसाठी चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

सोबत काय न्यावे?

सगळे जुने सीबीसी, तारखेप्रमाणे लावून. दहा वर्षांपूर्वीचा बाळंतपणाच्या वेळचा रिपोर्टसुद्धा. प्लेटलेट दहा वर्षे १ लाख १० हजार असणे आणि मागच्या महिन्यात ३ लाख असलेल्या आज १ लाख १० हजार होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडा एकच, अर्थ वेगळा.

बायोप्सी झाली असेल तर रिपोर्टच्या कागदाबरोबर स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्या. सध्याच्या सर्व गोळ्यांची पाकिटे न्या, त्यात आयुर्वेदिक आणि घरगुती औषधेही आली. आणि घरातल्या मोठ्यांना विचारून या: आईच्या बाजूला कोणी मामा किंवा मावशीचा मुलगा रक्त न थांबल्याने दगावला होता का? कोणाला लहानपणापासून रक्त चढवावे लागत होते का? आई-वडिलांचे लग्न नात्यात झाले आहे का? हिमोफिलियाचे निदान कित्येकदा अशा एका आठवणीतून सुरू होते.

पहिल्या भेटीत काय होते?

डॉक्टर प्लीहा, यकृत, गाठी तपासतात आणि स्लाइड स्वतः पाहतात. काहींना बोन मॅरो तपासणी सांगतात. तिची भीती बहुतेक गैरसमजातून येते. ही पाठीच्या कण्यातून होत नाही. कंबरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून, साधारण अर्ध्या तासात होते. ओढल्यासारखे काही क्षण दुखते. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात.

निघण्यापूर्वी हे प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून घ्या: माझ्या आजाराचे नेमके नाव काय? निदान पक्के आहे की अजून तपासण्या बाकी आहेत? उपचार आजच सुरू करायचे की नुसते लक्ष ठेवायचे? कोणती लक्षणे दिसली तर रात्री-अपरात्रीही यायचे? पुढचे रक्त गावातल्या लॅबमध्ये तपासले तर चालेल का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण दर वेळी तीनशे किलोमीटर प्रवास परवडत नाही आणि मग लोक उपचारच सोडतात. बहुतेक आजारांत तज्ज्ञ आणि फॅमिली डॉक्टर मिळून काम वाटून घेऊ शकतात.

खर्चाचे काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळते आणि रक्ताच्या आजारांचे अनेक उपचार त्यात बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. दाखल होण्याआधी त्याला गाठा, पैसे भरल्यानंतर नाही. पात्र थॅलसेमिया आणि अप्लास्टिक अॅनिमियाच्या रुग्णांना बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी कोल इंडियाच्या थॅलसेमिया बाल सेवा योजनेतून १० लाखांपर्यंत मदत मिळते. हिमोफिलियाचे फॅक्टर सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. जवळचे केंद्र कोणते, ते जिल्हा रुग्णालयात विचारा. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत आरोग्य केंद्रांवर तपासणी होते. थॅलसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे तिन्ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहेत, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

आज करण्यासारखे एक काम आहे. घरातल्या प्रत्येकाचे जुने-नवे रक्ताचे रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा आणि पुढच्या वेळी ती फाइल तुमच्या फॅमिली डॉक्टरांना दाखवा. तुम्हाला हिमॅटॉलॉजिस्टची गरज आहे की नाही, हे ठरवायला ती फाइल त्यांना एका ठळक छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.